अंगाला बसणारी बीसीडी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीसीडी, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवर सिलेंडर धरणारं आणि हवा भरून तरंगणं सांभाळणारं साधन, घेण्याआधी, आणि बरेचदा चुकीची घेऊन झाल्यावर, डायव्हर मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक गोंधळाच्या मुळाशी एकच गोष्ट असते. साइज आणि लिफ्ट (फुगवलेली बीसीडी पाण्यात किती किलो वर उचलून धरते ते) हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि लोक ते एकच धरून चालतात. साइज ठरते धडावरून. लिफ्ट ठरते तुम्ही पाण्यात काय घेऊन उतरता त्यावरून. वजनकाट्यावरचा आकडा या दोन्हींपैकी कशाचंच थेट उत्तर देत नाही.

१. बीसीडी म्हणजे नेमकं काय? ती एक प्रकारचं लाइफ जॅकेटच ना?

नाही. बीसीडी म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. तिच्यात हवा भरायची पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीच्या टोकाला इन्फ्लेटर असतो. त्याच्या एका बटणाने सिलेंडरमधली हवा ब्लॅडरमध्ये येते, दुसऱ्याने बाहेर जाते. शिवाय खांद्यावर आणि मागे कमरेजवळ हवा झटकन सोडायला डम्प व्हॉल्व्ह असतात. तिची कामं तीन: सिलेंडर पाठीवर घट्ट धरणं, सरफेसवर तुम्हाला तरंगतं ठेवणं, आणि खोलवर वेटसूट (निओप्रीन नावाच्या रबराचा अंगाबरोबरचा सूट) दाबला जाऊन तुम्ही जड झालात की ती कसर भरून काढणं.

लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाचंही तोंड पाण्यावर राहावं अशा बेताने बनवतात. बीसीडी तशी हमी देत नाही. युरोपात बीसीडीसाठी ईएन १८०९ हे मानक आहे, आणि त्यातही ही हमी धरलेली नाही. बीसीडी शुद्धीवर असलेल्या, ती वापरता येणाऱ्या डायव्हरसाठी असते.

२. प्रकार किती आहेत आणि अंगाच्या ठेवणीचा त्याच्याशी काय संबंध?

जॅकेट प्रकारात ब्लॅडर पाठीमागून काखेखालून पोटाच्या बाजूंपर्यंत येतं. बॅक-इन्फ्लेट प्रकारात हवा फक्त पाठीमागे राहते. बॅकप्लेट-विंगमध्ये धातूची पाटी, पट्ट्यांचा हार्नेस आणि हवेची विंग हे तिन्ही भाग सुटे मिळतात. साइडमाउंटमध्ये सिलेंडर पाठीवर नसून दोन्ही कुशींना असतात.

अंगाशी संबंध असा की जॅकेटमध्ये धडाचं माप आणि ब्लॅडरचं माप एकमेकांना बांधलेलं असतं. साइज बदलली की लिफ्टही बदलते. एकाच मॉडेलच्या सर्वांत लहान साइजला १० किलोच्या आसपास आणि सर्वांत मोठीला २० किलोच्या आसपास लिफ्ट असणं नेहमीचं आहे. बॅकप्लेट-विंगमध्ये हार्नेस अंगाप्रमाणे आणि विंग ओझ्याप्रमाणे निवडता येते. ज्यांचं अंग साइज-चार्टच्या चौकटीत बसत नाही त्यांना म्हणूनच शेवटी हा प्रकार मानवतो.

३. माझी उंची १७० सेंमी, वजन ७५ किलो. कुठली साइज घेऊ?

एवढ्यावरून सांगता येत नाही. याच उंची-वजनाची दोन माणसं शेजारी उभी करा. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचं उलटं. एकाची छाती भरलेली, दुसऱ्याचं वजन पोटाशी. चार्ट दोघांनाही ‘मीडियम’ सांगेल. पहिल्याला त्या बीसीडीचा कमरपट्टा मांड्यांवर येईल, दुसऱ्याचा पोटावर बंद होणार नाही. चार्टचा उपयोग इतकाच की कोणत्या दोन साइज घालून बघायच्या ते कळतं. त्यापुढे मापं घ्यावी लागतात (प्रश्न ४) आणि घालून बघावं लागतं (प्रश्न ५).

४. घरी कोणती मापं घेऊन ठेवू?

चार मापं पुरतात. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, धडाची लांबी. मान खाली झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, बोटाला लगेच लागतं. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की अंगठे हाडाच्या वरच्या कडेवर टेकतात. मानेच्या त्या हाडापासून अंगठ्यांच्या रेषेपर्यंत पाठीवरून टेप लावायची. स्वतःची स्वतः घेता येत नाही, कोणाला तरी मदतीला घ्या.

दुसरं, छातीचा घेर, पूर्ण श्वास घेऊन. तिसरं, पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर. पॅंटचं माप इथे चालत नाही, कारण पॅंट बरेच जण पोटाखाली बांधतात आणि बीसीडीचा पट्टा पोटावर येतो. चौथं, खांद्यांची रुंदी. घेराची दोन्ही मापं शक्य असेल तर वेटसूट घालून घ्या. जाड सूट घेरात काही सेंटीमीटर सहज वाढवतो.

५. दुकानात घालून बघताना नेमकं काय तपासायचं?

बीसीडी रिकामी घालून आरशात पाहणं हे कपड्यांसाठी ठीक आहे. बीसीडीचा कस लागतो ती हवेने भरलेली असताना आणि तिच्यावर सिलेंडर असताना. म्हणून आधी सूट घाला, सिलेंडर लावायला सांगा, सगळे पट्टे आवळा, आणि मग बीसीडी पूर्ण फुगवा, जादाची हवा व्हॉल्व्हमधून आपोआप सुटेपर्यंत.

आता खोल श्वास घ्या. बरगड्या आवळल्यासारख्या वाटल्या तर ती लहान आहे, किंवा त्या मॉडेलचं ब्लॅडर आतल्या बाजूला फुगतं. जॅकेट प्रकारात हे जास्त होतं. सरफेसवर लाटांमध्ये दमलेले असताना असा श्वास अडणं फार घाबरवणारं असतं.

मग कोणालातरी मागे उभं करून खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर उचलायला सांगा. बीसीडी तुमच्यासकट उचलली जायला हवी. ती एकटीच चार बोटांपेक्षा जास्त वर सरकली, तर ती मोठी आहे. पाण्यात हेच होतं, फक्त उचलणारा हात पाण्याचा असतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या जेमतेम दीडशे सेंटीमीटर उंचीच्या एका मुलीला पहिल्या दिवशी मीडियम जॅकेट मिळालं होतं. पूलमध्ये तिने ते फुगवलं आणि जॅकेट वर आलं, ती खालीच राहिली. खांद्याच्या गाद्या कानांना लागल्या, छातीचा पट्टा हनुवटीखाली आला, आणि ती दोन्ही हातांनी जॅकेटच्या कडा खाली ओढत माझ्याशी बोलत होती. तिला वाटत होतं की तिला तरंगायला जमत नाही. एक्स्ट्रा स्मॉल घातल्यावर पहिल्यांदा तिने हात सोडले. तोवर मास्क काढायला, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) शोधायला तिच्याकडे हातच मोकळे नव्हते.

बाकीच्या गोष्टी पटकन होतात. खांद्याचे पट्टे आवळल्यावर दोन्हीकडे थोडी ओढ शिल्लक हवी. पट्टा शेवटपर्यंत ओढला गेला म्हणजे साइज मोठी, पूर्ण सैल करूनही काचत असेल तर लहान. कमरपट्ट्याचं वेल्क्रो वेल्क्रोवरच बसलं पाहिजे. छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. हातमोजे घालून इन्फ्लेटर, सगळे डम्प व्हॉल्व्ह आणि वेट पॉकेटच्या (बुडण्यासाठी घेतलेलं शिसं ठेवायच्या खिशांच्या) मुठी न बघता सापडतात का ते पाहा. शेवटी डोकं मागे टाका. ते फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरचा सिलेंडरच्या तोंडाशी बसणारा भाग) आपटलं तर सिलेंडर थोडा खाली बांधून पुन्हा बघा.

६. मी दोन साइजच्या बरोबर मध्ये आहे. मोठी घ्यावी की लहान?

तुमच्या सगळ्यांत जाड सूटवर लहान साइजचा कमरपट्टा नीट बंद होत असेल आणि पूर्ण फुगवल्यावर श्वास अडत नसेल, तर लहान घ्या. ‘असू दे थोडी सैल’ हा विचार बीसीडीच्या बाबतीत महाग पडतो. सैल बीसीडीत सिलेंडर पाठीवर डावी-उजवीकडे झोके घेतो. तुम्ही आडवे होऊन पोहताना तो एका कुशीकडे ओढतो आणि तुम्ही सतत लाथा मारून सरळ होत राहता. दमही लागतो, हवाही जास्त जाते.

अपवाद एकच: लहान साइजची लिफ्ट तुमच्या ओझ्याला कमी पडत असेल तर. तेव्हा मोठी साइज घेण्यापेक्षा मॉडेल बदला.

७. माझं वजन ११० किलो आहे. मला जास्त लिफ्टची बीसीडी लागेल ना?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाण्यात तुमचं शरीर जवळजवळ स्वतःच स्वतःला तोलतं. चरबीची घनता लिटरमागे सुमारे ०.९ किलो, स्नायूंची १.०६ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची १.०२५. म्हणजे चरबी तरंगते, स्नायू किंचित बुडतात. जास्त चरबी असलेल्या माणसाला खाली जायला जास्त शिसं लागतं हे खरं. पण चरबी खोलवर गेल्यावर दाबली जात नाही. ती जेवढी वर ओढत होती तेवढीच तिथेही ओढते. तिच्यासाठी लावलेलं शिसं आणि ती स्वतः, दोघांचा हिशेब कुठल्याही खोलीला जुळलेलाच राहतो. त्यासाठी बीसीडीत हवा भरावी लागत नाही.

हवा भरावी लागते दोन गोष्टींसाठी. एक, वेटसूटने गमावलेली तरंगण्याची ताकद. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि बुडबुडे त्या प्रमाणात आकसतात. दोन, सिलेंडरमधल्या हवेचं वजन. १२ लिटरचा सिलेंडर २०० बार दाबाला भरला की त्यात २४०० लिटर हवा असते. लिटरला सुमारे १.२ ग्रॅम धरले तर ती जवळपास २.९ किलो होते. डाइव्हच्या सुरुवातीला हे वजन तुमच्याबरोबर असतं, शेवटी बरंचसं संपलेलं असतं, आणि शिसं मात्र शेवटच्या हलक्या अवस्थेसाठी लावलेलं असतं.

समजा तुमचा सूट सरफेसवर ५ किलो वर ओढतो. त्यातलं सगळंच्या सगळं गेलं असं धरलं तरी ५ अधिक २.९, म्हणजे आठेक किलो. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाचा, त्याचा सूट ४ किलो ओढत असेल तर सातेक किलोवर येतो. मोठ्या अंगाचा सूट मोठा, त्यात निओप्रीन जास्त, म्हणून फरक पडतो. पण तो लोकांना वाटतो तेवढा नसतो.

दुसरी कसोटीही पार व्हायला हवी: अंगावरून काढलेली बीसीडी, भरलेल्या सिलेंडरसकट आणि खिशातल्या शिशासकट, स्वतः तरंगली पाहिजे. बोटीवर चढताना बरेच जण ती पाण्यातच काढून वर देतात. तुमचं सगळं शिसं बीसीडीच्या खिशांत असेल आणि ते १० किलो असेल, त्यात भरलेला स्टीलचा सिलेंडर आणि रेग्युलेटर यांचे मिळून ४ किलो धरले, तर १४ किलोच्या खालची लिफ्ट चालणार नाही. जड माणसाला जास्त लिफ्ट लागते ती बहुतेक वेळा या कारणाने. यावर उपायही आहे. निम्मं शिसं वेट बेल्टवर किंवा वेगळ्या वेट हार्नेसवर घ्या, कसोटी लगेच सोपी होते.

८. माझा सूट किती वर ओढतो हे कसं कळणार?

सूट भिजवून, आतली हवा पिळून काढून गुंडाळी करा, जाळीच्या पिशवीत घाला आणि ज्या पाण्यात डाइव्ह करता त्या पाण्यात सोडा. पिशवीत एक-एक करून शिसं टाकत जा. ती जेमतेम बुडायला लागली की शिसं मोजा. शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे त्यातून नऊ-दहा टक्के वजा करा. हूड आणि बूटही बरोबर घाला. दर एक-दोन वर्षांनी हे पुन्हा करावं, कारण निओप्रीन जुनं होत जाईल तसं पातळ आणि कमी तरंगतं होतं.

९. लिफ्ट जास्तच घेतली तर बिघडलं कुठे? कमी पडण्यापेक्षा बरी.

बिघडतं. मोठं ब्लॅडर अर्धंही भरलं नाही तर हवा त्यात इकडून तिकडे पळते. तुम्ही कुशीला वळलात की ती वरच्या कुशीला जाते आणि तुम्हाला आणखी वळवते. रिकाम्या कापडाच्या घड्या पाण्यात ओढ निर्माण करतात, आणि त्यांत अडकलेली हवा डम्प व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. वर येताना हीच हवा त्रास देते. १० मीटरवरची एक लिटर हवा सरफेसवर दोन लिटर होते. इन्फ्लेटर अडकून हवा भरतच राहिली, तर मोठं ब्लॅडर तुम्हाला जास्त जोराने वर नेणार हेही लक्षात ठेवा. इन्फ्लेटरची नळी एका हाताने काढण्याचा सराव प्रत्येकाने करायलाच हवा, मग बीसीडी कुठलीही असो.

गरम पाण्यात पातळ सूट आणि एक सिलेंडर असेल तर १० ते १४ किलो बहुतेकांना पुरतात. थंड पाणी आणि जाड सूट असेल तर १६ ते २०.

१०. लिफ्ट कुठे किलोत, कुठे पौंडांत, कुठे न्यूटनमध्ये लिहिलेली असते. तुलना कशी करू?

१० न्यूटन म्हणजे सुमारे १ किलो. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, ४० पौंड म्हणजे १८ किलो. आणि आकडा तुमच्या साइजचा आहे ना ते बघा. जाहिरातीत बहुधा सगळ्यांत मोठ्या साइजचा असतो.

११. माझी उंची कमी आहे. सिलेंडर मागे ढुंगणावर आपटतो आणि वर डोक्यालाही लागतो. लहान बीसीडी घेऊन फरक पडेल?

बीसीडीने थोडा पडेल, खरा फरक सिलेंडर बदलून पडेल. सगळीकडे दिसणारा ८० घनफुटी ॲल्युमिनियमचा सिलेंडर व्हॉल्व्ह सोडून सुमारे ६६ सेंमी लांब असतो. त्याच जाडीचा ६३ घनफुटी जवळपास १० सेंमी आखूड. आखूड धडाच्या माणसाला हे १० सेंमी म्हणजे चैन आहे. हवा कमी येते, पण लहान चणीच्या माणसाला बहुधा हवाही कमी लागते. १२ लिटरचा स्टीलचा सिलेंडर आखूड आणि जाड घडणीतही मिळतो, तो तर आणखी सोयीचा. मात्र तो जड असतो, त्यामुळे अंगावरचं शिसं कमी करावं लागतं.

बीसीडी निवडताना पाठीची पाटी मोजा. ती तुमच्या धडाच्या मापापेक्षा लांब असेल (प्रश्न ४) तर बाकी काहीही आवडलं तरी सोडून द्या.

१२. बायकांसाठीची वेगळी बीसीडी खरंच वेगळी असते, की फक्त रंग?

काही फक्त रंगापुरत्या असतात. खऱ्या वेगळ्या ओळखायच्या तर तीन जागा बघा. खांद्याचे पट्टे बाहेरच्या बाजूला वळण घेऊन काखेकडे जातात का, म्हणजे ते छातीवरून ओढले जाणार नाहीत. धड आखूड आहे का. आणि कमरपट्टा खाली पसरट होतो का, की तो नितंबांच्या वरच्या उतारावर नीट बसेल. छातीचा पट्टा वर-खाली सरकवता यायला हवा.

पण ‘बाई आहे म्हणून बायकांची’ असा नियम नाही. उंच, रुंद खांद्यांच्या बाईला सर्वसाधारण बीसीडी छान बसते, आणि आखूड धडाच्या, अरुंद खांद्यांच्या पुरुषाला बायकांच्या साइजमध्ये उत्तम बसणारी सापडते. बीसीडी अंगाला बसली पाहिजे, लेबल काय म्हणतं ते बघू नका. ज्यांची छातीची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी डॉक्टरांची परवानगी घेतल्यावर पट्टा व्रणावर येत नाही ना हे सिलेंडर लावून, दहा-पंधरा मिनिटं उभं राहून तपासावं.

१३. माझं पोट मोठं आहे. कमरपट्टा बंद होतो, पण पाण्यात बीसीडी वर सरकते.

गोल पोटावर पट्टा टिकत नाही, तो बारीक जागा शोधत वर किंवा खाली जातोच. कितीही आवळला तरी हे होणार, उलट आवळल्याने श्वास अडेल. यावर उपाय क्रॉच स्ट्रॅप: पाठीमागून दोन पायांच्या मधून पुढे येणारा पट्टा. बीसीडी वर जाऊच शकत नाही, आणि मग पोटावरचा पट्टा सैलसर ठेवता येतो. पुष्कळ बीसीडींना तो नंतरही लावता येतो. वेट बेल्ट वापरत असाल तर क्रॉच स्ट्रॅप बेल्टच्या आतून न्या, म्हणजे बेल्ट टाकायची वेळ आली तर तो अडकणार नाही.

वेट बेल्टचंही तेच दुखणं असतं, तो खाली घसरतो. खांद्यावर पट्टे असलेला वेट हार्नेस घ्या. सगळं शिसं बीसीडीच्या खिशांत कोंबण्याचा मोह होतो, पण प्रत्येक खिशाला मर्यादा असते, ती लेबलवर छापलेली असते, आणि प्रश्न ७ मधली दुसरी कसोटी आहेच. पट्टा पोटावर पोहोचतच नसेल तर मोठ्या साइजकडे धावू नका, खांद्यांत ती ढगळ होईल. काही बीसीडींना कमरपट्ट्याचा जोडपट्टा लावता येतो. हार्नेसमध्ये तर पट्टाच लांब घ्यायचा.

१४. मी १९० सेंमी आहे, अंगाने बारीक. लार्ज लांबीला बसते पण कमरेत ढगळ होते.

धड लांब असेल तर आखूड बीसीडी घालून कमर जुळवू नका. तसं केलं तर पट्टा बरगड्यांवर येतो आणि सिलेंडर खांद्यांच्या फार वर राहतो. ‘टॉल’ साइज काढणाऱ्या किंवा खांदे आणि कमर वेगवेगळ्या मापांत देणाऱ्या कंपन्या बघा. तसं काही मिळालं नाही तर सरळ बॅकप्लेट घ्या, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

१५. बॅकप्लेट एकाच मापाची असते. मग ती सगळ्यांना कशी बसते?

माप देतो तो पट्टा. ५ सेंमी रुंदीचा एकच अखंड पट्टा पाटीच्या खाचांतून ओवून खांदे आणि कमर तयार करतात. याला होगार्थियन हार्नेस म्हणतात, फ्लोरिडातले गुहा-डायव्हर विल्यम होगार्थ मेन यांच्यावरून. एकदा बसवायला तासभर जातो. सूट घालून बसवा. हात मागे नेऊन दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये पाटीची वरची कड बोटांना लागली पाहिजे, आणि खांद्यावर पट्ट्याखालून तळहात सहज सरकला पाहिजे. नवीन लोक पट्टा फार घट्ट ठेवतात आणि मग हार्नेसमधून बाहेरच येता येत नाही.

पण ‘सगळ्यांना बसते’ हे शंभर टक्के खरं नाही. नेहमीची पाटी साधारण ४० सेंमी लांब असते. फारच आखूड धडाला तिची खालची कड माकडहाडाजवळ टोचते. त्यांच्यासाठी आखूड पाटी मिळते. स्टीलची पाटी अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं कमी होतं. पातळ सूटमध्ये लहान चणीच्या डायव्हरला ती जास्तीची जड होऊ शकते. तिथे ॲल्युमिनियमची घ्यावी. विंग एकाच सिलेंडरसाठीची घ्या. दोन सिलेंडरसाठीची रुंद विंग एका सिलेंडरभोवती दोन्ही बाजूंनी मुडपते आणि हवा आत कोंडते.

१६. मुलासाठी घ्यायची आहे. वाढतं अंग आहे, एक साइज मोठी घेऊ का?

नको. पॅडी आणि एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था, दोन्हीकडे ज्युनिअर ओपन वॉटर हा कोर्स १० व्या वर्षापासून करता येतो, आणि त्या वयात ढगळ बीसीडी म्हणजे प्रश्न ५ मधला प्रसंग. फरक इतकाच की मूल तक्रार करत नाही, घाबरून गप्प होतं. वाढीच्या वयात विकत घेण्याऐवजी दर वेळी मापाची भाड्याने घ्या. सिलेंडरही लहान मागून घ्या. पाण्याबाहेर पाठीवर सिलेंडर घेऊन मूल सरळ उभं राहू शकत नसेल, तर बीसीडी पाण्यातच घालायची.

१७. गरम पाण्यात ३ मिमी सूट आणि थंडीत ड्रायसूट वापरते. एकच बीसीडी चालेल का?

जॅकेट असेल तर क्वचितच. ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट) आणि आतले लोकरी कपडे मिळून धडाचा घेर इतका वाढतो की एका साइजचा फरक पडतो. बॅक-इन्फ्लेटमध्ये खांद्याचे पट्टे पुरेसे लांब असतील तर जमतं. हार्नेसवाल्यांपैकी बरेच जण दोन पट्टे वेगवेगळे बसवून ठेवतात किंवा खांद्याशी सरकता बकल लावतात. ड्रायसूटमध्ये डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह खांद्याच्या पट्ट्याखाली दबत नाही ना, हे नक्की बघा.

१८. गेल्या वर्षभरात १० किलो वजन वाढलं. काय काय बदलावं लागेल?

ते १० किलो सगळे चरबीचे धरले तर समुद्रात सुमारे १.४ किलो जास्त शिसं लागेल, बस. लिफ्टचा हिशेब जवळपास तसाच राहतो, कारण प्रश्न ७ मध्ये दिलं आहे. कमरपट्टा पुन्हा तपासा, आणि वेट चेक नव्याने करा: सिलेंडर ५० बारवर असताना, बीसीडी रिकामी, नेहमीसारखा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं. भरलेल्या सिलेंडरने केलात तर संपणाऱ्या हवेसाठी दोन-सव्वादोन किलो आणखी धरा. व्यायामाने वजन वाढलं असेल तर उलट शिसं थोडं कमीच लागेल.

१९. तलावात शिसं बरोबर होतं, समुद्रात बुडताच येईना. मित्राला मात्र कमी फरक पडला. असं का?

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, आणि हे अडीच टक्के तुमच्या आणि सामानाच्या एकूण वजनावर लागतात. तुम्ही ९० किलो आणि सामान ३० किलो असेल तर फरक ३ किलोंचा. मित्र ५५ आणि सामान २५, तर २ किलोंचा. मोठ्या अंगाला मोठा फरक पडणारच.

२०. बॅक-इन्फ्लेट घेतली. सरफेसवर ती मला तोंडावर पाडते.

पूर्ण फुगवू नका. डोकं पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलोंची उचल पुरते. मग पाय थोडे पुढे काढून आरामखुर्चीत रेलल्यासारखे मागे रेला. तरीही ढकलत असेल तर सगळं शिसं पुढे आहे का बघा आणि त्यातलं दोन-तीन किलो सिलेंडरच्या पट्ट्यावरच्या ट्रिम पॉकेटमध्ये मागे न्या. लहान अंगाच्या डायव्हरवर मोठी विंग असेल तर हा त्रास जास्त होतो, आणि तो लिफ्ट कमी करूनच जातो.

२१. पाठीचं दुखणं आहे. कुठली बीसीडी पाठीवर भार टाकत नाही?

पाण्यात कुठलीच टाकत नाही, बाहेर सगळ्याच टाकतात. रिकामा ८० घनफुटी सिलेंडरसुद्धा १४ किलोंच्या पुढे असतो. साइडमाउंट घेतलं तर सिलेंडर पाण्यात उतरल्यावर लावता येतात. पण ते शिकावं लागतं, आणि त्याचा हार्नेस अंगाला अगदी चापून बसवावा लागतो, नाहीतर सिलेंडर कुशीखाली लोंबतात. त्याआधीचा सोपा मार्ग: नेहमीची बीसीडी सिलेंडरसकट पाण्यात उतरवून द्यायला सांगा आणि तिथे घाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

२२. गरोदर आहे. पोटावरचा पट्टा सैल ठेवून, हलक्या बीसीडीने उथळ डाइव्ह चालेल का?

नाही. अडचण पट्ट्याची नाही. दाबाखाली रक्तात विरघळणारा नायट्रोजन आणि वर येताना होणारे बुडबुडे बाळाला काय करतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून गरोदरपणात स्कूबा करू नये असंच सांगितलं जातं. स्नॉर्केलिंगबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

२३. भाड्याची बीसीडी हातात येते तेव्हा पाच मिनिटंच असतात. त्यात काय बघू?

आधी फुगवून बाजूला ठेवा, तोवर बाकीचं सामान जुळवा. पाच मिनिटांनी ती मऊ पडली असेल तर दुसरी मागा. मग घालून खांद्यांचे पट्टे धरून वर ओढून बघा, सगळे डम्प व्हॉल्व्ह एकदा ओढा, वेट पॉकेट खेचून काढून परत बसवा. ठरलेल्या साइजऐवजी मोठी दिली तर संकोच न करता लहान मागा. नसलीच, तर क्रॉच स्ट्रॅप मागा. तो स्वतःचा बरोबर नेता आला तर आणखी चांगलं, गुंडाळला की मुठीत मावतो. मोठी बीसीडी आणि क्रॉच स्ट्रॅप दोन्ही मिळालं, तर आधी गळ्याइतक्या पाण्यात पूर्ण फुगवून दोन मिनिटं तरंगून बघा, आणि हात सोडून तरंगता येत नसेल तर त्या दिवशीची डाइव्ह सोडा.